उघड्या पानांचा प्रवास

पनवेल हे फार पूर्वीपासून वाहन बदलण्याचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी होडीने खाडी ओलांडून पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून गाडीने, घोड्यावर किंवा पालखीतून बोरघाटाची वाट धरी. १८३० साली घाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि ही वर्दळ वाढली. १८६३ साली कर्जतमार्गे घाटातून आगगाडी धावू लागली आणि बंदराचे ते महत्त्व ओसरले. पुढे १९९८ साली हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत आली, आणि आज आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी माणसे सकाळी घरून रिक्षाने स्थानक गाठतात, तेथून लोकलने मुंबईस जातात आणि संध्याकाळी त्याच क्रमाने परततात. वाहन बदलले तरी प्रवास एकच असतो. प्रश्न उरतो तो सामानाचा. एका वाहनातून दुसऱ्या वाहनात ते कोणी उचलून ठेवावे, आणि उचलणाऱ्याला पेटीत काय आहे ते कळावे की नाही?

हा जुनाच प्रश्न गेल्या वीस वर्षांत एका नव्या रूपाने आपल्या घरांत आला आहे. रात्री घरच्या संगणकावर उघडलेले पान सकाळी लोकलमध्ये मोबाईलवर दिसते आणि दुपारी कार्यालयातील संगणकावरही हजर असते. तरुण मंडळींना यात नवल वाटत नाही. परंतु ही सोय आपोआप उगवलेली नाही; तिला इतिहास आहे, आणि तो जाणून घेतल्याखेरीज तिचा लाभ व तिची जोखीम यांचा नीट हिशेब मांडता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली एकमेकांशी जोडलेल्या पानांच्या जाळ्याची योजना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र जगाला विनामूल्य खुले करून दिले. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. त्या काळी ब्राउझरच्या एका खिडकीत एकच पान मावत असे. दुसरे पान हवे असेल तर पहिले सोडावे किंवा नवी खिडकी उघडावी. आठ-दहा खिडक्या झाल्या की पडद्यावर पसारा होई. या पसाऱ्यावर उपाय म्हणून टॅब आला. कार्यालयातील कार्डांच्या वरच्या कडेस जो कान काढलेला असतो, तेच हे नाव. १९९४ सालच्या इंटरनेटवर्क्स या ब्राउझरमध्ये ही कल्पना दिसते; १९९८ साली नेटकॅप्टरने ती पुढे नेली; मग ऑपेरा व मोझिला यांनी ती उचलली. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली, तीत टॅब होतेच. ऑक्टोबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररनेही त्यांचा स्वीकार केला.

टॅब आला आणि माणसाची वाचण्याची सवय बदलली. पूर्वी आवडलेल्या पानाला खूण घालून ठेवीत. खूण घातलेले पान म्हणजे कपाटात जपून ठेवलेली वस्तू. उघडे ठेवलेले पान म्हणजे ओट्यावरचा अर्धा चिरलेला भोपळा. त्याचे काम अजून संपलेले नाही. रेल्वेचे आरक्षण, मुलाच्या महाविद्यालयाचा अर्ज, एखाद्या दुखण्याची माहिती, घरकर्जाचा व्याजदर अशी पाने आपण मिटत नाही, कारण त्यांविषयी आपला निर्णय झालेला नसतो. म्हणूनच संगणक बंद पडला आणि ही पाने गेली की माणूस हळहळत असे. त्यावर एक उपाय २००६ साली फायरफॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत आला: ब्राउझर अचानक बंद पडला तरी पुन्हा उघडल्यावर आधीची पाने परत मिळू लागली. पण ती त्याच संगणकावर. दुसऱ्या संगणकावर ती कशी न्यावीत?

अनेक ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी जुळत्या ठेवणे हा उद्योग संगणकाने नव्याने काढलेला नाही. आपल्या धर्मग्रामाच्या दप्तराला तो चांगला परिचयाचा आहे. १५६३ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने विवाहाची नोंदवही ठेवण्याचे बंधन धर्मगुरूंवर घातले. परंतु माणसे एका गावी राहत नाहीत. स्नानसंस्कार एका धर्मग्रामात होतो आणि विवाह दुसऱ्या. मग त्या व्यक्तीचा विवाह झाला आहे की नाही हे कोणत्या वहीवरून कळावे? १९०७ साली, पोप दहावे पायस यांच्या कारकिर्दीत, 'ने तेमेरे' हे आज्ञापत्र निघाले आणि १९०८ च्या ईस्टरपासून लागू झाले. विवाह झाला की त्याची नोंद स्नानसंस्काराच्या वहीतही व्हावी, आणि स्नानसंस्कार अन्यत्र झाला असेल तर तेथील धर्मगुरूंना तसे कळवावे, असे त्यात ठरले. १९१७ च्या धर्मसंहितेने हा नियम कायम केला व त्याखेरीज धर्मग्रामाच्या वह्यांची प्रत दरवर्षी बिशपांच्या कचेरीत पाठवण्यास सांगितले. १९८३ च्या संहितेच्या ५३५ व्या कलमातही समासातील नोंदींचा नियम आहे. विवाहापूर्वी स्नानसंस्काराचा दाखला नव्याने काढून आणावयास का सांगतात, याचे कारण हेच. लहानपणी काढलेल्या दाखल्यावर मधल्या काळातील नोंदी नसतात. पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या परिसरात वसई, गोवा, मंगळूर, केरळ अशा नाना ठिकाणांहून आलेली कुटुंबे राहतात. त्यांच्यापैकी पुष्कळांनी या दाखल्यासाठी मूळ गावी पत्र धाडले असेल.

या जुन्या पद्धतीत तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. प्रत्येक धर्मगुरू केवळ आपल्याच वहीत लिहितो. दुसऱ्याच्या वहीत हात घालीत नाही. बातमी पत्राने जाते, त्यामुळे उशीर होतो, पण नोंद चुकत नाही. आणि कोणती वही प्रमाण मानावयाची, हे आधीच ठरलेले असते.

संगणकशास्त्रज्ञांनाही याच तीन गोष्टींशी झगडावे लागले. १९७८ साली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, दूरदूरच्या यंत्रांची घड्याळे एकमेकांशी नेमकी जुळत नाहीत. तेव्हा कोणती घटना आधी व कोणती नंतर, हे केवळ घड्याळावर विसंबून ठरवता येत नाही, ते परस्परांना धाडलेल्या संदेशांच्या क्रमावरून ठरवावे लागते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८७ पासून महादेव सत्यनारायणन या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली 'कोडा' नावाची योजना उभी राहिली. जोडणी तुटली असतानाही माणसाने आपल्या यंत्रावर काम करीत राहावे आणि जोडणी परत येताच सर्व प्रती जुळवून घ्याव्यात, हा तिचा गाभा. लोकलमध्ये मध्येच नेटवर्क गेले तरी आपले वाचन अडत नाही व स्थानक आल्यावर सारे जागच्या जागी येते, त्यामागचा विचार हाच.

ब्राउझरपुरते बोलायचे तर १९९८ साली नेटस्केपने खुणा व इतर गोष्टी दूरच्या सर्व्हरवर ठेवून कोणत्याही संगणकावरून मिळवण्याची सोय दिली होती. उघडी पाने मात्र जून २००६ मध्ये गूगलने फायरफॉक्ससाठी काढलेल्या 'ब्राउझर सिंक' या जोडणीने प्रथम मोठ्या प्रमाणावर हलवली. २००८ साली गूगलने ती बंद केली. तोपर्यंत, डिसेंबर २००७ मध्ये, मोझिलाने 'वीव्ह' नावाचा प्रयोग जाहीर केला होता. विणणे असा त्या नावाचा अर्थ. तोच मार्च २०११ मध्ये फायरफॉक्सच्या चौथ्या आवृत्तीत 'सिंक' या नावाने समाविष्ट झाला. २०१२ साली गूगलच्या क्रोमने व अ‍ॅपलच्या सफारीनेही उघडी पाने एका यंत्रावरून दुसऱ्यावर दाखवण्यास सुरुवात केली. तो काळ मोबाईल घरोघरी पोहोचण्याचा होता. एका माणसाच्या हाती दोन-तीन यंत्रे आली तेव्हाच ही सोय खऱ्या अर्थाने गरजेची झाली.

तिची रीत दिसते तितकी गूढ नाही. एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पान जात नाही. जाते ते पानाचे शीर्षक व त्याचा पत्ता. दुसरे यंत्र त्या पत्त्यावरून पान नव्याने मागवते. म्हणून अर्धा भरलेला अर्ज मोबाईलवर रिकामा दिसतो. शिवाय प्रत्येक यंत्र आपल्या उघड्या पानांची यादी आपल्याच नावाने लिहिते. इतर यंत्रे ती केवळ वाचतात. धर्मगुरूंच्या वह्यांसारखीच ही व्यवस्था असल्याने दोघांनी एकाच ओळीवर वेगवेगळे लिहिल्याचा तंटा येथे उद्भवत नाही. खुणांच्या बाबतीत मात्र सर्व यंत्रे एकाच यादीत लिहितात, आणि म्हणून त्यांची जुळवणी कितीतरी कठीण असते.

या याद्या मध्यंतरी कोठेतरी ठेवाव्या लागतात. त्यास आपण 'क्लाउड' म्हणतो, आणि शब्दामुळे आकाशातील काहीतरी डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात तो सिमेंटच्या इमारतींत, विजेवर व थंडाव्यावर चालणारा कारभार आहे. अशी एक इमारत पनवेलमध्येच आहे. हिरानंदानी समूहाच्या योट्टा या कंपनीचे डेटा सेंटर येथे २०२० साली सुरू झाले. ७,२०० रॅकची त्याची क्षमता सांगितली जाते. ज्या गावी एके काळी होडीतून उतरलेल्या पेट्या गाडीवर चढत, त्याच गावी आता जगभरच्या माहितीच्या पेट्या मुक्कामाला असतात.

आणि येथेच तो हमालाचा प्रश्न परत येतो. पेटीला कुलूप आहे काय, आणि किल्ली कोणापाशी? मोझिलाने आरंभापासून माहिती यंत्रावरच कुलूपबंद करून पाठवण्याचा आग्रह धरला. २०११ च्या पद्धतीत किल्ली वापरणाऱ्याच्या यंत्रांतच राही. तत्त्व निर्दोष होते, पण एकच संगणक असलेल्या अनेकांनी सिंकला सुरक्षित साठा मानले. संगणक बिघडला आणि त्याबरोबर किल्लीही गेली. म्हणून २०१४ साली खाते व परवलीचा शब्द यांची पद्धत आली. त्या शब्दापासून किल्ली यंत्रावरच तयार होते आणि कंपनीला आतले वाचता येत नाही. क्रोममध्ये सर्वसाधारणपणे किल्ली गूगलपाशी असते. स्वतःचे निराळे गुप्त शब्द ठरवून कुलूप आपल्या हाती घेण्याची मुभा आहे, परंतु ती मागून घ्यावी लागते. किल्ली आपल्यापाशी ठेवली तर ती हरवण्याचा धोका आपला; दुसऱ्यापाशी दिली तर विश्वासाचा प्रश्न. तिसरा मार्ग नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला आणि २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. कंपन्यांना आवर घालण्यास हे उपयोगी पडेल. पण आमच्या मते खरी कसोटी घराच्या उंबरठ्याच्या आतच आहे.

आपल्या घरांतील रीत पाहा. मुलगा आईला मोबाईल आणून देतो व खटाटोप नको म्हणून त्यावर आपलेच खाते घालतो. मग तो दुबईस नोकरीला जातो. एके रात्री आई छातीतील गाठीविषयी काही वाचते, पान उघडे ठेवते आणि निजते. हजारो मैलांवर मुलाच्या संगणकावर त्या पानाचे शीर्षक उमटते. कोणी म्हणेल, बरेच झाले. आई लपवणार होती, मुलाला वेळीच कळले. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ते केव्हा सांगावे, कोणत्या शब्दांत सांगावे, प्रथम कोणाला सांगावे, हे ठरवण्याचा अधिकार त्या माउलीचा होता, आणि तो कोणीही न मागता तिच्याकडून गेला. उलट दिशेनेही हेच घडते. नोकरी गेलेला मुलगा नव्या जागा शोधत असतो आणि ती यादी आईच्या हातातील मोबाईलवर उघडी पडते. दोघांपैकी कोणीही वाईट वागलेले नसते, तरी दोघेही अवघडतात. अपूर्ण विचार हा माणसाचा सर्वांत नाजूक ऐवज. तो पूर्ण होऊन शब्दांत उतरेपर्यंत त्याला एकांत लागतो.

याचा अर्थ सोय टाकून द्यावी असा नव्हे. दोन यंत्रांवर काम करणाऱ्याचे तिने कितीतरी कष्ट वाचवले आहेत. मात्र घरातील जाणत्या तरुणांनी थोडे श्रम घ्यावेत. आई-वडिलांच्या मोबाईलवर त्यांचेच स्वतंत्र खाते उघडून द्यावे आणि परवलीचा शब्द त्यांच्या हाताने त्यांच्याच वहीत लिहवून घ्यावा. सर्वांच्या वापराच्या संगणकावर प्रत्येकाचे दालन निराळे ठेवावे. दुकानातील किंवा मित्राच्या यंत्रावर खाते उघडलेच, तर उठण्यापूर्वी ते बंद करावे. जुना मोबाईल विकण्यापूर्वी त्यातील खाते काढून टाकावे व उघड्या पानांच्या यादीतून त्याचे नाव गेले आहे ना, हे पाहावे. आणि कधी चुकून दुसऱ्याचे उघडे पान आपल्या पडद्यावर आलेच, तर ते न वाचता मिटावे, व त्या माणसाला स्वतःहून बोलावेसे वाटेल इतका वेळ संध्याकाळच्या जेवणानंतर त्याच्यासाठी राखून ठेवावा.