वेढ्यांतील रुपया

युद्धाचा इतिहास आपण वाचतों तो बहुधा तरवारींचा आणि तोफांचा. परंतु प्रत्येक युद्धाच्या पाठीमागें टांकसाळींत व बाजारांत दुसरें एक युद्ध चाललेलें असतें. शिपायाचा पगार तुंबला कीं त्याचा हात ढिला पडतो. आणि वेढा पडला म्हणजे तर बाहेरून खजिना येण्याची वाटच खुंटते. अशा प्रसंगीं निरनिराळ्या देशांतील लोकांनीं एकाच उपायाचा आश्रय केलेला दिसतो. हाताशीं असेल तें सोनेंरुपें वितळवावें आणि त्याचींच नाणीं पाडावीं.

१५२९ सालीं तुर्कांनीं व्हिएन्ना शहर वेढिलें, तेव्हां आंत चौकोनी नाणीं निघालीं. गोल तबकड्या घडविण्यास सवड होती कोणाला? इंग्लंडांतील यादवी युद्धांत न्यूअर्कच्या राजपक्षीयांनीं १६४५-४६ सालीं चांदीचीं ताटें कापून शंकरपाळ्याच्या आकाराचीं नाणीं केलीं. लायडेनकरांनीं तर १५७४ सालीं धर्मपुस्तकांचे कागद एकत्र दाबून त्यांवर ठसे उठविले.

आपल्याकडील उदाहरण कोणतें, असें वाचक विचारतील. धंतोलीच्या शेजारींच सीताबर्डीची टेकडी आहे व १८१७ च्या लढाईमुळें ती प्रत्येक नागपूरकरास ठाऊक आहे. परंतु ती लढाई दोन दिवसांत आटोपली. वेढ्यांतील रुपया पाहावयाचा तर त्याच्याहि मागें, पानिपतच्या छावणींत गेलें पाहिजे.

सदाशिवरावभाऊ १७६० च्या मार्चांत परतुडाहून उत्तरेकडे निघाले, तेव्हांपासूनच पैशाची ओढ त्यांच्या पाठीस लागली होती. राजवाड्यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पत्रांच्या पहिल्या खंडांत ही ओढ पानोपानीं दिसते. उत्तरेंतील वसुलावर फौज पोसावयाची, असा बेत होता. परंतु वसूल हातीं येईना. ऑगस्टच्या आरंभीं दिल्ली घेतली, तों तीहि लुटून लुटून रिकामी झालेली. तेव्हां भाऊंनीं दिवाण-इ-खासचें रुपेरी छत काढविलें आणि त्याचे रुपये पाडविले. ते नऊ लाखांच्या घरांत गेले असें सांगतात. बादशाही वैभवावर हात टाकल्याबद्दल भाऊंना पुष्कळ दोष देण्यांत आला आहे, व सुरजमल जाट दुरावण्याच्या कारणांत हेंहि एक गणलें जातें. परंतु दोष देणाऱ्यानें एवढें ध्यानांत घ्यावें, कीं छताला पोट नव्हतें, फौजेला होतें.

ऑक्टोबरांत कुंजपुरा हातीं आला व तेथील धान्यानें कांहीं दिवस निभावले. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि दिल्ली व मराठे यांच्यामध्यें येऊन बसला. दक्षिणेची वाट बंद झाली. तेव्हां पानिपतच्या छावणींत पुन्हा टांकसाळ उभी राहिली. या खेपेस मुशींत पडलें तें बादशहाचें छत नव्हे. तीं स्वतःच्याच लोकांच्या अंगावरचीं व घरांतलीं लेणीं. छावणींत बायकामुलें होतीं. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला दागिना दोन ठशांच्या मध्यें एका क्षणांत निनांवी होऊन गेला, या गोष्टीची नोंद कोणत्याहि जमाखर्चांत नाहीं.

आणि येथेंच पानिपत इतर वेढ्यांहून वेगळें पडतें. तटबंद शहरांत धान्य आंत सांठविलेलें असतें; नाणें केवळ तें एका हातांतून दुसऱ्या हातांत नेतें. तेथें वेडावांकडा तुकडाहि चालतो, कारण देणारा व घेणारा एकाच तटाच्या आंत कोंडलेले असतात. पानिपतास धान्यच बाहेरून यावयाचें होतें. पतियाळ्याच्या आलासिंग जाटाकडून कांहीं पोहोंचलें. पण तीहि वाट आंवळत गेली. अब्दालीची रसद तोडण्यास निघालेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरांत मारले गेले. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक तुकडी जानेवारीच्या आरंभीं रात्रीं वाट चुकली व थेट अफगाणांच्या छावणींत शिरली. परंतु ती नीट येऊन पोहोंचली असती तरी काय? रुपया खरा होता, चांदी कसास उतरणारी होती; विकत घेण्यासारखें मात्र कांहीं उरलें नव्हतें. नाण्याची किंमत धातूंत नसून ज्या बाजारांत तें फिरतें त्या बाजारांत असते, हा अर्थशास्त्रांतला धडा त्या माणसांनीं उपाशीं पोटीं घेतला. १४ जानेवारी १७६१ रोजीं ते बाहेर पडले ते यामुळेंच.

पराभवाची वार्ता सांकेतिक भाषेंत पेशव्यांस कळली, हें प्रसिद्ध आहे. विश्वासराव व भाऊ हे दोन मोतीं, सरदार या मोहोरा, आणि बाकीचे सारे रुपये व खुर्दा. त्यांचा हिशेब लागेना. आपण त्या मोत्यांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें आहे. खुर्दा म्हणून जे गेले, आणि ज्यांच्या अंगावरच्या लेण्यांनीं ती फौज अखेरचे कांहीं दिवस जगली, त्यांच्याविषयीं मात्र आपली लेखणी अजून तशीच मुकी आहे.