गंडासा आणि अश्रू : सुलतान राही यांच्या नायकप्रतिमेची घडण

लाहोरच्या पंजाबी चित्रपटसृष्टीचा इतिहास सुलतान राही (१९३८–१९९६) यांना वगळून लिहिता येत नाही. ७०० हून अधिक चित्रपटांत भूमिका करणाऱ्या या नटाची गिनेस बुकानेही नोंद घेतली. तथापि, त्यांच्या अभिनयाचा विचार करताना अभ्यासक बहुधा एकाच प्रतिमेपाशी थांबतात : डोक्यावर पागोटे, अंगात कुडता-लुंगी, हातात गंडासा आणि मुखी गर्जना. ही प्रतिमा हिंसेचे उदात्तीकरण करते, हा आक्षेप निराधार नाही. मात्र ती कोठून आली आणि घडताना तिच्यातून काय गळून पडले, हा प्रश्न या आक्षेपाच्या गदारोळात मागे राहिला आहे.

१९४७ च्या फाळणीने लाहोरच्या चित्रव्यवसायाचा कणा मोडला. हिंदू व शीख निर्माते, कलावंत, तंत्रज्ञ मोठ्या संख्येने मुंबईकडे आले. उलट दिशेने नूरजहाँसारखी गायिका-अभिनेत्री मुंबई सोडून लाहोरला गेली. या विस्कटलेल्या व्यवसायाची पुन्हा उभारणी होत असताना १९५० च्या दशकात राही यांनी स्टुडिओत प्रवेश केला, तो ‘एक्स्ट्रा’ म्हणून. गर्दीतला एक चेहरा, मग मारामारीतला एक गडी, मग दुय्यम खलनायक, असा दीड दशकाचा प्रवास त्यांनी केला. ‘बाबुल’ (१९७१) या चित्रपटाने त्यांच्याकडे लक्ष वेधले आणि अस्लम दार दिग्दर्शित ‘बशीरा’ (१९७२) मधील शीर्षकभूमिकेने त्यांना नायकपद मिळवून दिले. त्यांचा हा उदय १९७१ नंतर व्हावा, हा निव्वळ योगायोग नव्हे. पूर्व पाकिस्तान वेगळा झाल्याने ढाक्याची बाजारपेठ उर्दू चित्रपटांच्या हातून गेली, आणि पंजाबच्या तालुक्या-तालुक्यांतील प्रेक्षकांचे महत्त्व वाढले.

त्यांच्या प्रतिमेचे मूळ मात्र एका साहित्यकृतीत आहे. प्रगतिशील लेखक अहमद नदीम कासमी (१९१६–२००६) यांनी ‘गंडासा’ ही कथा उर्दूत लिहिली. गंडासा म्हणजे चारा तोडण्याचे लांब दांड्याचे पाते. शेतकऱ्याच्या घरातील हे रोजचे अवजार वैराच्या वेळी शस्त्र होते. कथेतील मौला हा पहिलवान वडिलांच्या खुनाचा सूड घेतो आणि त्याच्या दहशतीखाली गाव वावरू लागते. परंतु कासमी यांना सूडाचा विजय सांगायचा नाही. वैराच्या वाटेवर चालणाऱ्या या माणसाच्या मनात कोवळीक उगवते, हात उचलण्याच्या क्षणी तो उचलत नाही, आणि कथा संपते ती त्याच्या अश्रूंपाशी. पुरुषार्थाच्या ग्रामीण कल्पनेखाली दडपलेला माणूस बाहेर आणणे, हे त्या कथेचे प्रयोजन होते.

या कथेच्या आधारे हसन अस्करी यांनी ‘वहशी जट्ट’ (१९७५) हा चित्रपट काढला. मौल्याच्या भूमिकेत राही होते. त्याच मौल्याला घेऊन लेखक नासिर अदीब आणि दिग्दर्शक युनुस मलिक यांनी ‘मौला जट्ट’ (१९७९) उभा केला. या प्रवासात गंडासा राहिला, अश्रू मागे पडले. मात्र केवळ धंद्याची गणिते पुढे करून या बदलाचा उलगडा होणार नाही. चित्रपट फेब्रुवारी १९७९ मध्ये झळकला. जुलै १९७७ पासून देशात लष्करी कायदा होता आणि एप्रिल १९७९ मध्ये पदच्युत पंतप्रधान भुट्टो यांना फाशी देण्यात आली. न्यायालय, पोलीस, कायदेमंडळ यांपैकी कशाचाच आधार न वाटणाऱ्या प्रेक्षकासमोर स्वतःच निवाडा करणारा शेतकरी उभा राहिला. सरकारने या चित्रपटाचे प्रदर्शन थांबविण्याचा प्रयत्न केला. निर्माते सरवर भट्टी यांनी न्यायालयातून स्थगिती मिळविली आणि चित्रपट दीर्घकाळ चालत राहिला. सत्तेलाही त्यात काही बोचत होते, एवढे यावरून दिसते.

राही यांच्या गर्जनेचा विचार भाषेच्या अंगानेही करावा लागतो. पंजाबी ही पाकिस्तानातील सर्वाधिक लोकांची मातृभाषा; परंतु तेथील पंजाब प्रांतात शाळा व कचेरी यांचा व्यवहार उर्दूत व इंग्रजीत होत आला. घरात आणि शेतात बोलली जाणारी भाषा पडद्यावर पूर्ण छातीने उच्चारली जाते, हा अनुभव त्या प्रेक्षकाला अन्यत्र दुर्मीळ होता. त्यातही ‘मौला जट्ट’चे नाट्य दोन आवाजांच्या विरोधावर उभे आहे. राही यांचा मौला गरजतो, तर मुस्तफा कुरेशी यांचा नूरी नत्त जवळजवळ कुजबुजतो. कुरेशी यांची मातृभाषा सिंधी, हे ध्यानात घेतले म्हणजे या पंजाबी जुगलबंदीची गुंतागुंत अधिक स्पष्ट होते.

यशाने मात्र नटाला बंदिस्त केले. १९८१ च्या एकाच ईदला ‘शेर खान’, ‘चन वरयाम’ आणि ‘साला साहिब’ हे राही यांचे तीन चित्रपट प्रदर्शित झाले आणि तिन्ही गाजले. त्यानंतर निर्मात्यांनी दुसरे काही मागितले नाही. व्हिडिओच्या प्रसारामुळे मध्यमवर्ग चित्रपटगृहांपासून दूर गेला. उरलेल्या प्रेक्षकासाठी तेच कथानक पुनःपुन्हा रचले गेले. ९ जानेवारी १९९६ रोजी इस्लामाबादहून लाहोरला परतताना गुजरानवाल्याजवळ गाडीचे चाक पंक्चर झाले. रस्त्याकडेला थांबलेल्या राही यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यात त्यांचा अंत झाला. त्यांचे अनेक चित्रपट अपुरे राहिले. एका माणसाच्या खांद्यावर विसंबलेला व्यवसाय त्यानंतर वेगाने खालावला.

सीमेच्या अलीकडेही याचे विषण्ण करणारे प्रतिबिंब आढळते. भारतीय पंजाबचे लोकप्रिय नट-दिग्दर्शक वीरेंदर यांची ६ डिसेंबर १९८८ रोजी ‘जट्ट ते ज़मीन’च्या चित्रीकरणाच्या वेळी लुधियानाजवळ गोळ्या घालून हत्या झाली. दोन्ही पंजाबांतील पडद्यावरचे वीरपुरुष प्रत्यक्षातील बंदुकीपुढे असे निःशस्त्र होते.

२०२२ मध्ये बिलाल लाशारी यांनी ‘द लेजेंड ऑफ मौला जट्ट’मधून ही व्यक्तिरेखा नव्याने मांडली आणि त्या चित्रपटाने पाकिस्तानात उत्पन्नाचा विक्रम केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो भारतीय पंजाबात दाखविण्याची घोषणा झाली. महाराष्ट्रातूनही त्याला राजकीय विरोध झाला आणि ते प्रदर्शन घडले नाही. मौला अशा रीतीने सीमेवरच अडला. पण त्याला समजून घेण्याचा मार्ग बंद झालेला नाही. कासमी यांची कथा आणि राही यांचे चित्रपट शेजारी ठेवून वाचले, तर एका समाजाने आपल्या नायकाला काय दिले याबरोबरच त्याच्याकडून काय काढून घेतले, हेही कळते. राही यांच्या हाती गंडासा देणाऱ्या काळाने त्यांच्या मौल्याला रडण्याची मुभा ठेवली नाही. त्यांच्या अभिनयाचे मूल्यमापन या हानीची नोंद घेऊनच व्हावयास हवे.