मर्यादवेलीच्या अलीकडे-पलीकडे

आमच्या पुळणीला सात-बारा नाही. गावातल्या प्रत्येक आगराला, खाजणाच्या प्रत्येक तुकड्याला गट नंबर आहे, त्यावर वारसांची शेपटासारखी लांबलेली नावं आहेत. पण माडांची शेवटची ओळ संपली की तलाठ्याचं दप्तरही संपतं. 1949 च्या कायद्याने खोती गेली, तेव्हा जमिनींवरून सख्खे भाऊ कोर्टात गेले. पुळणीवरून कुणी गेलं नाही. ती एकट्याची कुणाचीच नव्हती म्हणून सगळ्यांची होती. रापण तिथे ओढायची, मासळी तिथे सुकवायची, पोरांनी आट्यापाट्या तिथेच खेळायच्या. पुढे 1966 च्या महसूल संहितेत भरतीच्या खुणेखालची जमीन सरकारची, असं स्पष्ट लिहिलं गेलं. पण गावाला ते कुणी सांगायला आलं नाही आणि गावाचं काही अडलंही नाही.

गावाची खूण वेगळी होती. वाळूवर जांभळ्या फुलांची, दुभंगलेल्या पानांची एक वेल पसरलेली असते. तिचं नाव मर्यादवेल. नावातच सगळं आलं. आमची आजी सांगायची, "वेलीच्या पलीकडे खांब रोवू नये रे. समुद्र आपली जागा विसरत नाही." जुनी घरं बघा, एकही वेलीला चिकटून नाही. मध्ये केवड्याचं बन, मग माड, मग घर.

सरकारला ही मर्यादा सुचायला 1981 साल उजाडावं लागलं. त्या नोव्हेंबरात इंदिरा गांधींनी किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, की भरतीच्या रेषेपासून निदान 500 मीटर किनारा मोकळा ठेवा. पत्राचा कायदा व्हायला आणखी दहा वर्षं गेली. 19 फेब्रुवारी 1991 ला किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. गावाकडच्या किनाऱ्यावर पहिल्या 200 मीटरांत नवं बांधकाम करायचं नाही, जुनं घर दुरुस्त करता येईल, असा तिचा मथितार्थ.

आमच्याकडे ही गोष्ट पोचली ती अफवा होऊन. "आता समुद्राकाठच्यांची घरं पाडणार!" घरं काही पाडली नाहीत. पण कोळीवाड्यात एका खोपटात तीन भाऊ राहत होते, त्यांना वेगळी चूल मांडायला जागा उरली नाही, हे खरं. कायदा बंगलेवाल्यासाठी केला आणि अडला दर्यावर्दी, असं तेव्हा बोललं जायचं. 2019 च्या नव्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी ही पट्टी 50 मीटरांवर आली, पण त्यासाठी चौरस किलोमीटरला 2161 हून जास्त माणसं लागतात. आमच्या अर्ध्या गावाला मुंबईने केव्हाच नेलं आहे. एवढी डोकी आणायची कुठून?

त्या मोकळ्या पट्टीचा आणखी एक हक्कदार होता. थंडीत रात्री कासवीण वर चढायची, हात-दीड हात खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालायची आणि वाळू सारून परत जायची. ऑलिव्ह रिडले हे नाव आम्हांला फार उशिरा कळलं. 1972 च्या कायद्याने वन्यजीवांना संरक्षण दिलं तरी किनाऱ्यावर कोल्हे, कुत्री आणि माणसं तिच्या मागावर असतच. अंडी खाल्ली जात, विकलीही जात. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने मंडणगड तालुक्यात वेळासला, म्हणजे नाना फडणवीसांच्या मूळ गावी, गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम सुरू केलं. पहाटे कासविणीच्या पावलांचा माग काढायचा, अंडी उचलून कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघाली की पाण्याकडे सोडायची. पुढे ती बघायला लोक येऊ लागले, घराघरांत पाहुण्यांची पानं मांडली जाऊ लागली, आणि किनाऱ्यावरच्या इतर गावांनीही ते बघून घेतलं.

किनाऱ्याला असा भाव आला, तसं आमच्या गावातही गिऱ्हाईक आलं. समुद्रालगतचं एक आगर विकलं गेलं. नव्या मालकाने गडगा उंच केला आणि पुळणीकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या पाखाडीवर लोखंडी फाटक बसवलं. जाळी घेऊन निघालेल्या बायाबापड्यांना वळसा घालून खाडीकडून जावं लागे. तेव्हा गावातल्या एका निवृत्त कारकुनाने 1906 चा मामलेदार कोर्टाचा कायदा काढला. शेतीच्या, चराईच्या, मासेमारीच्या जागेकडे जाणारी वहिवाट कुणी अडवली, तर ती मोकळी करून मागता येते. मात्र सहा महिन्यांच्या आत. मुदतीत अर्ज गेला, स्थळपाहणी झाली, म्हाताऱ्यांच्या जबान्या झाल्या. फाटक निघालं.

आणि वाट मोकळी झाली तसे दुसऱ्याच सुट्टीत मोटारी थेट वाळूत उतरल्या! चाकाखाली वाळू घट्ट दबली की खालची पिल्लं वर येत नाहीत; गाड्यांच्या झोताने बाहेर आलेली बावचळतात, कारण समुद्राकडचा उजेड हीच त्यांची दिशा. म्हणून पाखाडीच्या तोंडाशी गावाने जांभ्याचे दोन खांब रोवले. मधून डोक्यावर पाटी घेतलेली बाई जाते, मोटार जात नाही. लोकांना किनारा हवा आणि कासवालाही हवा, या दोन गोष्टी भांडणाऱ्या नाहीत, हे मला त्या दोन खांबांनी शिकवलं.

आता वाद तिसराच आहे. गेल्या काही पावसाळ्यांत उधाणाने पुळण खचली, कडेचे माड आडवे झाले. आगरवाले म्हणतात, दगडी बंधारा घाला. त्यांचं चूक म्हणवत नाही. पंधरा-वीस वर्षं पाणी घालून वाढवलेला माड पडताना ज्याने पाहिलाय त्यालाच ते कळेल. पण दगडांच्या राशीवर कासवीण चढत नाही, आणि रापणीची होडीही वर ओढता येत नाही. कागदावरची भरतीरेषा होती तिथेच आहे. मर्यादवेल मात्र दरवर्षी थोडी मागे, माडांच्या मुळांशी सरकते आहे. बंधाऱ्याचा विषय दोन ग्रामसभांत निघाला. हात वर करायची वेळ आली की दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, कारण बहुतेकांचं आगरही आहे आणि होडीही.