कर्णफुलीचा कप्तान

आमच्या शाळेच्या हजेरीपटात दरसाल एखादा सारंग आणि एखादा तांडेल असतोच. नाव पुकारले की 'हजर' म्हणून उठतात आणि खाली बसतात. आपल्या आडनावात एका काळची नोकरी दडलेली आहे, हे त्या पोरांच्या गावीही नसते. सारंग म्हणजे आगबोटीवरील खलाशांचा मुकादम, तांडेल त्याच्या हाताखालचा, आणि सुकाणू धरणारा तो सुखाणी. हेच शब्द तिकडे चितगाव-नोआखालीच्या किनाऱ्यावर थोड्या उच्चारभेदाने चालतात. रत्नागिरीच्या खलाशाला बंगाली येत नव्हते आणि नोआखालीच्या खलाशाला मराठी. पण बोटीवर 'सारंग' अशी हाक ऐकली की दोघेही वळून पाहत.

२०२४ सालच्या मार्चमध्ये एक बातमी वाचून मला हे सारे आठवले. १२ मार्च रोजी 'अब्दुल्ला' नावाचे बांगलादेशी मालवाहू जहाज सोमाली चाच्यांनी धरले. मोझांबिकच्या मापुटो बंदरातून सुमारे ५५ हजार टन कोळसा घेऊन ते संयुक्त अरब अमिरातीकडे निघाले होते. मोगादिशूपासून कितीतरी शेकडो मैल दूर, भर समुद्रात चाचे वर चढले. जहाजावर २३ माणसे होती, सगळी बांगलादेशी. आणि त्यांचे कप्तान होते मोहम्मद अब्दुर रशीद.

वाचकहो, या बातमीत चाच्यांहूनही मला थबकवले ते 'सगळी बांगलादेशी' या शब्दांनी. शंभर वर्षांपूर्वी अशी बोट सुटली असती, तर भट्टीत कोळसा लोटणारे सिल्हेटचे आगवाले असते, डेकवर नोआखालीचे नाहीतर आपल्या कोकणचे खलाशी असते. पण वर पुलावर, जिथून हुकूम सुटतात तिथे, गोऱ्या साहेबाखेरीज कोणी दिसले नसते. इंग्रज या खलाशांना 'लस्कर' म्हणत. त्यांचे करारनामे निराळे, झोपण्याची जागा अपुरी आणि पगार गोऱ्या खलाशाच्या पासंगालाही न पुरणारा. माणूस कितीही कसबी असो, वाऱ्याच्या वासावरून वादळ ओळखणारा असो, त्याची मजल सारंगापर्यंत. सिल्हेटची कित्येक पोरे तर लंडनच्या गोदीत बोट सोडून पसार झाली. आज विलायतेत जी 'इंडियन' खानावळ म्हणून नावाजली जाते, तिचे मालक बहुधा या सिल्हेटकरांचेच वंशज किंवा गाववाले.

दुसऱ्या महायुद्धात यांतली हजारो माणसे जर्मन पाणबुड्यांनी बुडवलेल्या बोटींबरोबर तळाला गेली. त्यांना थडगी नाहीत. समुद्र हीच त्यांची कबर. त्यांच्या नावांची एक यादी मात्र आहे. चितगावच्या युद्ध स्मशानभूमीत एका पुस्तकात सुमारे साडेसहा हजार नावे नोंदवलेली आहेत, आणि तशीच दुसरी यादी आपल्या मुंबईस, मशीद बंदर भागातील खलाशांच्या वसतिगृहात आहे. देशाची वाटणी झाली, पुढे वाटणीचीही वाटणी झाली. पण या बुडालेल्या माणसांची वाटणी कोणाला करता आली नाही. दोन्ही बंदरांनी तीच नावे जपली.

सारंगापासून कप्तानापर्यंतची वाटही प्रथम मुंबईतच उघडली. १९२७ साली माझगावच्या धक्क्याजवळ 'डफरिन' हे शिक्षणाचे जहाज उभे राहिले आणि हिंदी पोरांना बोटीवरचे अधिकारी होण्याची सोय झाली. फाळणीनंतर पूर्व बंगालला हे दार दुरावले. १९६२ साली कर्णफुली नदीच्या मुखाशी, चितगावच्या पैलतीरावर जुलदिया येथे मरीन अकादमी निघाली, तेव्हा सारंगाच्या नातवाला घरच्या पाण्यात कप्तानीचे धडे गिरवता येऊ लागले.

मग आले १९७१ साल. ऑगस्टच्या १५ तारखेच्या रात्री मुक्तिवाहिनीच्या पाणसैनिकांनी छातीला सुरुंग बांधून चितगावच्या बंदरात पोहत जाऊन शत्रूच्या बोटी बुडवल्या. त्यांना पोहण्याचे आणि सुरुंग लावण्याचे शिक्षण मिळाले होते ते आपल्याकडे, पलाशीजवळ भागीरथीच्या काठी. स्वातंत्र्य आले, पण ज्या बंदरातून पोटाला धान्य यायचे, ते बंदर बुडालेल्या बोटींनी आणि सुरुंगांनी भरलेले! रशियन आरमाराची माणसे १९७२ ते १९७४ पर्यंत ते साफ करत होती. तशा दिवसांतच, १९७२ च्या फेब्रुवारीत, नव्या देशाने आपले जहाज महामंडळ काढले. आणि त्याच वर्षी 'बांगलार दूत' हे त्याचे पहिले जहाज पाण्यावर आले. 'बंगालचा दूत' हे नाव ज्याने सुचवले, त्याला नमस्कार करावासा वाटतो.

कप्तान होणे म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या आपणा माणसांना नीटसे ठाऊक नसते. अकादमीत दोन वर्षे घालवावी, मग शिकाऊ म्हणून समुद्रावर जावे, परीक्षा द्यावी, तिसरा अधिकारी व्हावे. पुन्हा समुद्र, पुन्हा परीक्षा, मग दुसरा, मग मुख्य अधिकारी, आणि शेवटची परीक्षा उतरली तरच कप्तान. यात उमेदीची वर्षे निघून जातात. लेकराचे पहिले पाऊल पडते ते बाप फोटोत पाहतो. आणि एवढे करून पद मिळाले की जहाज, माल आणि माणसे या तिन्हींचा भार एकट्याच्या माथी. भर समुद्रात ना वरचा साहेब, ना शेजारी.

आता त्या 'अब्दुल्ला'कडे परत येऊ. चाच्यांनी ते सोमालियाच्या किनाऱ्याकडे नेले. पहिल्याच दिवशी मुख्य अधिकाऱ्याने चोरून घरी निरोप धाडला : अन्न वीस-पंचवीस दिवसांचे आहे, गोडे पाणी दोनशे टन आहे, आणि पोटात कोळसा आहे. त्या कोळशाची मेख ध्यानात घेतली पाहिजे. बंद कोठारातल्या कोळशातून पेट घेणारा वायू सुटतो, कोळसा आपोआप तापतो. म्हणून रोज त्यावर लक्ष ठेवावे लागते. बंदूक डोक्याशी असताना तेही काम करावे लागत होते. कारण आग चाचा कोण आणि खलाशी कोण हे विचारत नाही.

त्याच दिवसांत आपल्या नौदलाच्या 'कोलकाता' युद्धनौकेने 'रुएन' नावाच्या दुसऱ्या पळवलेल्या जहाजावर चाळीस तास कारवाई करून १७ खलाशी सोडवले आणि ३५ चाचे २३ मार्चला मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. 'अब्दुल्ला'वरही आपल्या नौदलाची नजर होती. पण तिथे गोळीबाराची वाट नको, बोलणी करावी, असे मालकांनी व त्यांच्या सरकारने ठरवले. याच मालकांचे 'जहान मणी' हे जहाज २०१० च्या डिसेंबरात असेच धरले गेले होते आणि शंभर दिवसांनी सुटले होते. त्यांना वाट पाहण्याची किंमत माहीत होती.

रमझानचा महिना होता. रोजे बंदुकीच्या छायेत झाले. ईदची नमाज त्या माणसांनी डेकवर रांगेने उभे राहून केली. तो फोटो वर्तमानपत्रांतून आला तेव्हा चितगावात कितीतरी घरांत एकदम रडू आणि हसू फुटले असेल. १४ एप्रिलच्या मध्यरात्री चाचे उतरून गेले. त्या दिवशी बांगलादेशात वर्षारंभाचा सण होता, पोहेला बोइशाख. जणू आपला पाडवाच.

इथे गोष्ट संपली असे आपल्याला वाटेल. ३३ दिवसांच्या कैदेनंतर माणूस पहिले विमान गाठून घरी धावेल. कप्तान रशीद आणि त्यांचे सोबती जहाज घेऊन ठरल्या बंदरी, अल हमरियाला गेले. कोळसा उतरवला. परतीसाठी चुनखडी भरली. आणि १३ मे रोजी जहाज कुतुबदियाजवळ नांगरून, १४ मेला ते तेवीसच्या तेवीस जण चितगावच्या जेटीवर उतरले. फुले घेऊन घरची माणसे उभी होतीच.

यंदा दिवाळीच्या सुटीआधी मी वर्गात हजेरी घेताना 'सारंग' म्हणून हाक मारली आणि क्षणभर थांबलो. पोरगा गोंधळून उभाच राहिला. "बस," म्हटले, "पण बसण्याआधी एक गोष्ट ऐक." आणि त्या दिवशी भूगोलाचा तास इतिहासाकडे गेला.