देवनागरी युनिकोडचा मूळ संच आणि मराठी अक्षरे : एक ऐतिहासिक विचार

संगणकप्रणाली उभी करताना कोणती गोष्ट तिच्या गाभ्यात असावी आणि कोणती बाहेरच्या साधनांवर सोपवावी, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. गाभ्यात एकदा गेलेले सहसा काढता येत नाही. युनिकोडने तर 1996 पासून तसा नियमच पाळला आहे. मराठीच्या दृष्टीने या प्रश्नाचा इतिहास देवनागरीच्या सांकेतिकीकरणात पाहावयास मिळतो.

1988 च्या 'इस्की' या भारतीय संकेतप्रणालीने जोडाक्षरांबाबत एक तत्त्व स्वीकारले होते : जे इतर अक्षरांपासून घडविता येते त्यास स्वतंत्र स्थान नाही. म्हणूनच क्ष, ज्ञ आणि अर्धी अक्षरे संचात आली नाहीत. हलन्त चिन्हाच्या साहाय्याने ती घडविण्याचे काम फॉन्टकडे गेले. 1991 मध्ये युनिकोडने याच आधारावर देवनागरीसाठी 128 स्थाने राखून ठेवली. हे तत्त्व काटकसरीचे होते आणि प्रस्तुत लेखकाच्या मते योग्यही होते.

मराठीची अडचण 'ॲ' पाशी झाली. ऑ प्रारंभापासून संचात होता, ऍ देखील होता. ॲ मात्र नव्हता. 'ऑफिस' मराठी वळणाने उमटे, 'ॲसिड' उमटत नसे. परिणामी कोणी ऍ वापरला, कोणी अ वर चंद्र चढविला. 2008 मध्ये युनिकोड 5.1 ने ॲ ला स्थान दिले. महाराष्ट्र शासनाने वर्णमालेत ॲ आणि ऑ यांचा समावेश केला तो 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने. म्हणजे हे अक्षर शाळेच्या तक्त्याआधी यंत्रात पोहोचले!

'दऱ्या' आणि 'दर्या', 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांत अर्थभेद करणाऱ्या अर्ध्या र चे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्यास वेगळे स्थान नाकारणे तत्त्वास धरूनच होते. परंतु तो घडविण्याच्या दोन रीती मान्य झाल्या : एक, द्राविडी भाषांतील ध्वनीच्या लिप्यंतरासाठी असलेल्या ऱ ला हलन्त जोडून; दुसरी, साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. खरी चूक येथे झाली, असे म्हणावे लागते. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ती भिन्न आहेत. शोधप्रणालीने स्वतंत्र व्यवस्था केली नसेल, तर एका रीतीने टंकित केलेला 'शेतकऱ्यांचा' अर्ज दुसऱ्या रीतीने शोधणाऱ्यास सापडत नाही.