'कळ्यांचे निःश्वास' आणि मराठीतील स्त्रीवादी कथासमीक्षा

मराठी कथेचा इतिहास हरिभाऊ आपटे, दिवाकर कृष्ण, फडके-खांडेकर आणि १९४५ च्या सुमारास सुरू झालेली नवकथा अशा टप्प्यांनी सांगण्याची प्रथा आहे. नवकथेच्या टप्प्यावर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे व व्यंकटेश माडगूळकर ही चार नावे ओळीने येतात. काशीबाई कानिटकर, आनंदीबाई शिर्के, कुसुमावती देशपांडे यांची नोंद बहुधा 'स्त्रियांचे कथालेखन' अशा वेगळ्या प्रकरणात होते. वेगळे प्रकरण दिले की मुख्य टप्प्यांची फेरतपासणी करण्याची गरज उरत नाही, ही सोय लक्षात घेण्यासारखी आहे.

या संदर्भात विभावरी शिरूरकर यांच्या 'कळ्यांचे निःश्वास' या संग्रहाचा स्वीकार बोलका ठरतो. ह. वि. मोटे यांनी १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. शिकलेल्या, मिळवत्या आणि लग्न लांबलेल्या मध्यमवर्गीय तरुणींची घुसमट त्यात इतक्या उघडपणे आली की वाचकवर्गात मोठी खळबळ उडाली. मात्र चर्चा कथांपेक्षा टोपणनावामागे कोण, हे असे लिहिणे स्त्रीला शोभते काय आणि यातले खरे किती, या प्रश्नांभोवतीच फिरत राहिली. कथेला कथा म्हणून नव्हे, तर साक्ष म्हणून तपासले गेले. साक्षीदाराची उलटतपासणी व्हावी तसेच हे झाले. लेखिका म्हणजे बाळूताई खरे, पुढे मालती बेडेकर. त्यांनी याआधीच 'अलंकारमंजूषा' हा ग्रंथ लिहिला होता. अलंकारशास्त्राचा अभ्यास केलेल्या लेखिकेच्या रचनेविषयी कोणी फारसे विचारले नाही, ही गोष्ट विलक्षणच म्हटली पाहिजे.

१९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर परिस्थिती पालटली. त्याच वर्षी स. गं. मालशे यांनी ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) हा निबंध पुन्हा उजेडात आणला. स्त्रियांच्या लेखनाची स्वतंत्र परंपरा शोधावी, हा ईलेन शोवॉल्टर यांनी १९७९ मध्ये मांडलेला आग्रह मराठीतही पोहोचला. अश्विनी धोंगडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी स्त्रीवादी समीक्षेची तात्त्विक चौकट मराठीत सिद्ध केली. विभावरींचे पुनर्वाचन याच काळातले. ज्या धीटपणाबद्दल त्यांना बोल लावला गेला होता, तोच आता त्यांचा गुण ठरला.

परंतु निकाल उलटला तरी खटला तोच राहिला. स्त्रीजीवनाचे दर्शन, शोषणाचे चित्रण, बंडाचा स्वर या निकषांवर कथा पुन्हा साक्ष म्हणूनच वाचली गेली. या संग्रहातील 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' या कथेचे शीर्षकच पाहावे. ते एक प्रश्न आहे, मुलीच्या तोंडचा आहे, आणि 'संसार' या शब्दाची मालकी कोणाची, हा वाद तो पाच शब्दांत उभा करतो. मराठी कथेतील 'मी'चा स्वर कसा घडत गेला याचा विचार करताना अशा निवेदनाला वगळता येणार नाही. तसे झाले असते तर व्यक्तीच्या अंतर्मनाकडे वळण्याचे श्रेय सरसकट नवकथेला देणे अवघड झाले असते. साक्षवाचनाची मर्यादा कमल देसाई यांच्यापाशी अधिकच जाणवते. 'रंग' (१९६२) पासूनची त्यांची कथा सरळ साक्ष देत नाही. म्हणूनच कदाचित तिची गणना अनेकदा 'दुर्बोध' या एका शब्दात आटोपली जाते.

दुसरा आक्षेप वर्ग-जातीचा आहे आणि तो रास्त आहे. विभावरींच्या 'कळ्या' पांढरपेशा घरांतील होत्या. मालतीबाईंनी पुढे 'बळी' (१९५०) ही कादंबरी गुन्हेगार ठरविल्या गेलेल्या जमातींच्या वसाहतीतील जीवनावर लिहिली. तरीही ते बाहेरून पाहणे होते. 'सहावं बोट' (१९८८) या संग्रहाच्या लेखिका ऊर्मिला पवार यांच्या कथेने ही चौकट मोडली. पण तेथेही साक्ष शोधणारी दृष्टी अपुरी पडते. आंबे विकणाऱ्या आईला बाजारात ऐकाव्या लागणाऱ्या द्वयर्थी बोलण्याचा अनुभव त्यांनी 'कवच' या कथेत आईच्या तोंडून सांगितलेला नाही. तो शाळकरी मुलाच्या शरमेतून येतो. आईची लाज वाटणाऱ्या मुलाच्या जागी वाचकाला उभे करण्याची ही निवड जातिव्यवस्थेविषयी आणि पुरुषत्वाविषयी कितीतरी सांगते. पण 'दलित साहित्य' आणि 'स्त्रीसाहित्य' या दोन प्रकरणांत कथेची वाटणी झाली की नेमकी तीच नजरेआड राहते.