चढ, उतार, वळण आणि भाव

1947 चा हंगाम. न्यूमार्केटच्या सरळसोट मैलावर ट्यूडर मिन्स्ट्रेल नावाच्या घोड्याने 'टू थाउजंड गिनीज' ही शर्यत आठ घोड्यांच्या लांबीने जिंकली. तोवर तो एकदाही हरला नव्हता, आणि पाठीवर होता गॉर्डन रिचर्ड्स, त्या काळातला इंग्लंडचा सर्वांत यशस्वी जॉकी. जूनमध्ये एप्समला डर्बी होती. बुकींनी भाव दिला सातास चार. सात पौंड लावा, घोडा आला तर वर चार मिळतील. डर्बीला इतका कमी भाव म्हणजे बुकींनी निकाल जवळपास मान्यच करून टाकला होता.

एप्समचा ट्रॅक डावीकडे वळतो. ट्यूडर मिन्स्ट्रेल उजवीकडे ओढत राहिला, रिचर्ड्सच्या लगामाशी झगडत राहिला आणि चौथा आला. पर्ल डायव्हर जिंकला, एकास चाळीस भावाचा. तिसऱ्या आलेल्या घोड्याचं नाव होतं सयाजीराव. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी 1945 मध्ये वर्षाचं शिंगरू असताना त्याला लिलावात 28,000 गिनीजना घेतलं होतं. शिंगरासाठी मोजलेली ती तोवरची विक्रमी किंमत. नाव महाराजांच्या आजोबांचं. न्यूमार्केटलाही सयाजीराव तिसराच आला होता. पण सप्टेंबरमध्ये डॉनकास्टरच्या रुंद, लांब, जवळपास सपाट ट्रॅकवर सेंट लेजर त्यानेच मारली.

एकाच हंगामातले, एकाच वयाचे घोडे. मैदान बदललं की क्रम बदलला. ट्यूडर मिन्स्ट्रेलला दीड मैलाचं अंतरच झेपलं नाही, असंही म्हणता येईल. पुढे सँडाउनला सव्वा मैलाच्या शर्यतीत तो हरला, तेव्हा त्या म्हणण्याला आधारही मिळाला. मात्र डर्बीनंतर काही दिवसांतच अ‍ॅस्कॉटला, उजवीकडे वळणाऱ्या मैलावर, तो पुन्हा जिंकला होता. अंतर आणि वळण, दोन्हींचा हिशेब एप्समच्या भावात कमी पडला.

मैदानामुळे इतका फरक सगळीकडे पडत नाही. अमेरिकेत बहुतेक ट्रॅक लंबवर्तुळाकार, सपाट आणि डाव्या वळणाचे. आपलं मुंबईचं महालक्ष्मीचं मैदान इंग्रजांच्या वारशातलं, पण तेही आखून काढलेलं, सपाट. खुद्द ब्रिटनमध्ये मात्र साठेक रेसकोर्स आहेत आणि कोणतेही दोन एकसारखे नाहीत. काही डावीकडे वळतात, काही उजवीकडे. विंडसरला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फेरा आहे. गुडवुडला टेकडीच्या माथ्यावर वेटोळी आहेत. जुन्यापैकी बहुतेक मैदानं कोणी मुद्दाम बांधलीच नाहीत, म्हणून हे असं झालं. गावाची गायरानं, नदीकाठची कुरणं, खडूच्या टेकड्यांवरची आखूड गवताची माळरानं अशी जिथे मोकळी जमीन मिळाली तिथे घोडे पळवले, आणि जमिनीचा आकार तोच ट्रॅकचा आकार झाला.

चेस्टरचं 'रूडी' हे यातलं सर्वांत जुनं, अजूनही चालू असलेलं मैदान. इथे 1539 पासून शर्यती होत आल्या आहेत. रोमन काळात या जागी बंदर होतं. डी नदीचा गाळ साठत गेला, पाणी हटलं, कुरण उरलं. रोमन धक्क्याच्या भिंतीचे दगड आजही ट्रॅकच्या कडेला दिसतात. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला शहराचा तट. मधल्या खोलगट जागेत जेमतेम मैलाहून थोडा जास्त फेरा बसतो. म्हणजे घोडा जवळजवळ सगळा वेळ वळतच असतो.

हे वळण पैजेत कसं उतरतं, ते साध्या भूमितीने कळतं. आतल्या कठड्यापासून एक मीटर बाहेरून पळणाऱ्या घोड्याला प्रत्येक अर्ध्या वर्तुळामागे तीन मीटरहून थोडं अधिक असं जादा अंतर कापावं लागतं. घोड्याची लांबी साधारण अडीच मीटर. म्हणजे एक मीटर बाहेर राहिलं की अर्ध्या फेऱ्यात एका घोड्याहून जास्त लांबी गेली. चार मीटर बाहेर असलेला घोडा तेवढ्यात पाच लांब्या हरवून बसतो, आणि पाच फर्लांगांच्या झटपट शर्यतीत पाच लांब्या म्हणजे बहुधा सगळी शर्यतच. त्यामुळे चेस्टरला चिठ्ठीत एक, दोन किंवा तीन नंबरचा कप्पा, म्हणजे आतल्या कठड्याजवळची सुटण्याची जागा, निघाला की घोड्याचा भाव उतरतो, आणि बाराव्या कप्प्यातल्या चांगल्या घोड्याकडे लोक पाठ फिरवतात. हे ज्ञान आता इतकं सार्वजनिक झालंय की त्यात फायदा फारसा उरला नाही. आतल्या कप्प्याची किंमत भावात आधीच धरलेली असते. चेस्टरचे खरे जाणकार सुटायला मंद असलेला आतला घोडा ओळखतात. पहिल्या वळणाआधी तो मागे पडला की कोंडला जातो, आणि मग तोच कठडा त्याची भिंत होतो.

न्यूमार्केट याच्या अगदी उलट. राजा पहिला जेम्स 1605 मध्ये या माळावर आला, पुढे दुसऱ्या चार्ल्सने तिथे जवळपास दरबारच नेला. तिथल्या सरळ मैलाचं रोली माइल हे नाव त्याच्याच टोपणनावावरून पडलं. इथे वळण नाही. समोर रुंद, उघडा, वाऱ्याचा माळ. शेवटाकडे जमीन खाली उतरते आणि अखेरच्या फर्लांगात पुन्हा चढते. त्या उतारावर तोल गेलेला घोडा चढावर सावरत नाही. मोठ्या शर्यतीत तीसेक घोडे असतील तर ते दोन-तीन टोळ्यांत फुटतात. कुणी एका कठड्याजवळून पळतो, कुणी दुसऱ्या, आणि ज्या बाजूची जमीन जास्त टणक किंवा पाणी जास्त लवकर जिरवणारी, ती टोळी जिंकते. म्हणजे इथेही कप्प्याचा नंबर महत्त्वाचा, पण कोणता नंबर चांगला ते त्या दिवसाचा पाऊस, वारा आणि आदल्या रात्री सोडलेलं पाणी ठरवतं.

आता एप्सम. डर्बी 1780 मध्ये सुरू झाली तेव्हा ती एक मैलाची होती. 1784 पासून दीड मैलाची झाली आणि सुप्रसिद्ध टॅटनहॅम कॉर्नर तिच्या वाट्याला आला. पहिल्या अर्ध्या मैलात घोडा शंभर फुटांहून जास्त चढतो. मग डावीकडे वळत उतार लागतो, आणि उताराच्या पायथ्याशी तो कॉर्नर. तिथून शेवटच्या सरळ पट्ट्यात आलं तरी सुटका नाही, कारण जमीन प्रेक्षकांच्या बाजूकडून आतल्या कठड्याकडे कललेली आहे. दमलेला घोडा नकळत कठड्याकडे घसरत जातो. शेवटी पुन्हा थोडा चढ. त्याच मैदानावर पाच फर्लांगांची शर्यत मात्र जवळपास उतरतीच आहे. 2012 मध्ये स्टोन ऑफ फोल्का नावाच्या घोड्याने ती 53.69 सेकंदांत पार केली, आणि तो जागतिक विक्रम ठरला. हा आकडा वाचून कुणी त्या घोड्याला सँडाउनच्या चढावर तसाच धरला, तर तो पैसे घालवणार. वेळ ही घोड्याइतकीच जमिनीचीही असते.

सुरुवातीला पैज लावणाऱ्यांना या सगळ्याची फारशी फिकीर करावी लागत नसे. सतराव्या-अठराव्या शतकात बऱ्याचशा शर्यती दोन उमरावांच्या दोन घोड्यांमधल्या असत, आणि मोठ्या बक्षिसांच्या शर्यती चार-चार मैलांच्या, एकाच दिवशी दोन-तीनदा पळायच्या फेऱ्यांच्या. घोडेही पूर्ण वाढलेले, पाच-सहा वर्षांचे. इतक्या लांब मेहनतीत आतल्या कठड्याचे दोन-चार मीटर बुडून जात. मग नव्या शर्यती आल्या: सेंट लेजर 1776 ची, ओक्स 1779 ची, डर्बी 1780 ची. या तिन्हींनी तीन वर्षांच्या कोवळ्या घोड्यांना एकदाच, कमी अंतर पळवलं. चूक भरून काढायला दुसरी फेरी नाही. माझ्या मते ब्रिटिश रेसकोर्सची जमीन पैजेत खऱ्या अर्थाने शिरली ती याच काळात. आणि जवळपास याच सुमारास, शतक संपताना, न्यूमार्केटला ऑग्डेन नावाच्या माणसाने शर्यतीतल्या प्रत्येक घोड्याला वेगळा भाव लावायला सुरुवात केली, असं मानलं जातं. त्याच्या आधी पैज म्हणजे एक घोडा विरुद्ध बाकी सगळे. प्रत्येकाला भाव लावायचा तर प्रत्येकाची पाहणी हवी, आणि त्या पाहणीत मैदानही आलं.

सँडाउन पार्क 1875 मध्ये कुंपण घालून, तिकीट लावून उघडलं, आणि रेल्वेने आलेला शहरी प्रेक्षक पैसे देऊन आत येऊ लागला. त्याच काळात कायदा मात्र उलट दिशेने चालला होता. पैजेचे अड्डे 1853 च्या कायद्याने बंद झाले, रस्त्यावरची पैज 1906 च्या कायद्याने गुन्हा झाली. श्रीमंताने क्रेडिटवर बुकीकडे पैज लावली तर चालत असे, मजुराने कोपऱ्यावर शिलिंग दिला तर पोलीस. हा भेदभाव 1960 च्या कायद्याने संपला आणि 1961 च्या मेपासून पैजेची दुकानं कायदेशीर झाली. पण त्यामुळे एक मोठा बदल झाला, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. मैदानावरचा माणूस निदान गवत पाहत होता, बुटाच्या टाचेने माती दाबून बघत होता. दुकानातल्या माणसासमोर तेव्हा फक्त भिंतीवर चिकटवलेलं वर्तमानपत्राचं पान होतं. चढ, वळण, ओल हे सगळं त्याच्यापर्यंत दोन-तीन शब्दांत आणि एका आकड्यात पोचत असे. जमीन 'फर्म' आहे, 'गुड' आहे, 'सॉफ्ट' आहे की 'हेवी', आणि घोडा कितव्या कप्प्यात आहे.

कप्पे तसे नवेच. न्यूमार्केटला 1965 मध्ये पहिल्यांदा यांत्रिक कप्प्यांतून घोडे सुटले. त्याआधी आडव्या दोऱ्या वर उचलल्या जात, त्याआधी नुसता झेंडा पडे. सुरुवात अशी काटेकोर झाल्यावर चिठ्ठीत निघालेल्या जागेचा फायदा-तोटा मोजता येऊ लागला, आणि मोजता आला की भावात आला. अडथळ्यांच्या शर्यतीत आजही कप्पे नाहीत, दोरीच आहे. 1993 च्या ग्रँड नॅशनलला ती दोरी नीट उचलली गेली नाही, बरेच घोडे थांबायचा इशारा न समजता पळत राहिले, आणि ती शर्यत रद्द धरावी लागली.

ग्रँड नॅशनल जिथे होते ते एन्ट्री (Aintree) नावाचं मैदान तर वेगळंच प्रकरण. तीस अडथळे आणि शेवटच्या अडथळ्यानंतर 494 यार्ड निव्वळ धाव, तीही मध्ये एक कोपर असलेली. 1973 मध्ये क्रिस्प आणि रेड रम यांचा भाव एकच होता, एकास नऊ. क्रिस्प बारा स्टोन वजन घेऊन पळत होता, रेड रम दहा स्टोन पाच पौंड. क्रिस्पने मैदानभर अशी आघाडी घेतली की तो हरेल असं कुणालाही वाटलं नसतं. शेवटच्या अडथळ्यानंतरही तो बराच पुढे होता. मग त्या कोपराशी त्याची दिशा ढळली, पाय जड झाले, आणि रेषेपाशी रेड रमने त्याला पाऊण लांबीने हरवलं. तेवीस पौंडांचा फरक होताच. पण शेवटची धाव शंभर यार्डांनी आखूड असती तर ते तेवीस पौंडही पुरले नसते. ती फिल्म मी अजूनही क्रिस्पसाठी जीव मुठीत धरून पाहतो. पुढे घोड्यांच्या जिवासाठी तिथले अडथळे सौम्य केले गेले, आणि 2024 पासून घोड्यांची संख्या 40 वरून 34 वर आणली गेली. हे फार आधी व्हायला हवं होतं.

इथवर जमीन आधी होती आणि पैज तिच्या मागून चालत होती. 1989 मध्ये हे उलटलं. कडाक्याच्या थंडीत गवताची मैदानं गोठत, शर्यती रद्द होत, पैजेची दुकानं ओस पडत, आणि पैजेवरच्या पट्टीतून रेसिंगला मिळणारा पैसाही आटत असे. त्यावर उपाय म्हणून लिंगफील्डला आणि लगोलग साउथवेलला कृत्रिम पृष्ठभागाचे, बारमाही ट्रॅक आले. वुल्व्हरहॅम्प्टन, केम्प्टन, न्यूकॅसल यांनी पुढे तीच वाट धरली. पैजेच्या गरजेपोटी मुद्दाम बनवलेली ही ब्रिटनमधली पहिली जमीन.

तीसुद्धा एकसारखी झाली नाही. साउथवेलच्या फायबरसँडमध्ये खूर खोल रुतत. इतर कृत्रिम ट्रॅकवर चमकणारे घोडे इथे चेहऱ्यावर वाळू उडाली की हातपाय गाळत, आणि गवतावर सुमार ठरलेले काही घोडे हिवाळ्यामागून हिवाळा इथेच जिंकत राहत. काही पैजवाले फक्त साउथवेलच खेळत. घोड्याचे इथले जुने निकाल एवढंच त्यांचं भांडवल. 2021 च्या अखेरीस तिथला फायबरसँड उकरून टॅपेटा हा वेगळा कृत्रिम पृष्ठभाग टाकला गेला. घोडे तेच, वळण तेच, अंतर तेच होतं. पण बत्तीस वर्षांचे निकाल भाव काढण्याच्या कामाचे राहिले नाहीत, आणि त्या पैजवाल्यांनी नव्या वह्या सुरू केल्या.